दुकान खेड्यात, जाहिरात मोबाइलवर: यवतमाळच्या छोट्या उद्योजकांनी पैसे कुठे आणि कसे खर्च करावेत?

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हा इतिहास आपल्या चळवळीला ठाऊक आहे. कोणाचा आवाज लोकांपर्यंत जाऊ द्यायचा, हे तेव्हा वृत्तपत्राचा मालक ठरवत होता. आज आर्णीत मसाले विकणारी ताई किंवा उमरखेडजवळच्या खेड्यात हळद पॅक करणारा तरुण दिवसाला दीडशे रुपये टाकून फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊ शकतो. त्याला ना कोणाची ओळख लागते, ना वशिला.

ही मोठी गोष्ट आहे. पण दार उघडे असले म्हणजे आत गेलेला पैसा परत येतोच असे नाही. बचत गटाच्या कर्जातून किंवा मजुरीतून साठवलेले दोन-चार हजार रुपये ‘बूस्ट’चे बटण दाबून चार दिवसांत संपतात आणि हाती फक्त लाइक उरतात. आपल्या तरुणांनी व्यवसायात उतरावे असे आपण सगळेच म्हणतो. मग तो व्यवसाय टिकवायचे तंत्रही आपणच समजून घेतले पाहिजे. म्हणून हा लेख.

लाइक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

आपल्या एखाद्या ताईने दुकान सुरू केले की आपण ती पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरवतो. पुणे, मुंबई, औरंगाबादहून ‘जय भीम, अभिनंदन’ अशा शेकडो प्रतिक्रिया येतात. हे प्रेम खरे आहे, पण पुण्याचा माणूस आर्णीच्या दुकानात ब्लाउज शिवायला येणार नाही. जे दुकान स्थानिक आहे, त्याचे गिऱ्हाईकही स्थानिकच असते. ते कोणत्याही जातीचे, कोणत्याही धर्माचे असेल. समाजाचा पाठिंबा ही सुरुवात आहे. धंदा मात्र संपूर्ण बाजारावर चालतो.

‘बूस्ट’ करताना नेमकी हीच चूक होते. तिथे उद्देश निवडायचा असतो. लोकांच्या प्रतिक्रिया हव्यात असा उद्देश निवडला, तर फेसबुक लाइक करण्याची सवय असलेल्या लोकांना जाहिरात दाखवते. छोट्या व्यवसायाने व्हॉट्सॲप मेसेजचा उद्देश निवडावा. मग जाहिरातीवर बोट ठेवताच थेट तुमच्याशी बोलणे सुरू होते. भाव विचारणारा एक मेसेज पन्नास लाइकपेक्षा जास्त मोलाचा.

आधी फुकटची कामे पूर्ण करा

पैसे टाकण्याआधी तीन गोष्टी झालेल्या असाव्यात. पहिली, व्हॉट्सॲप बिझनेस. हे ॲप मोफत आहे. त्यात मालाचे फोटो आणि भाव असलेला कॅटलॉग करता येतो, दुकानाची वेळ टाकता येते, दुकान बंद असताना आपोआप जाणारे उत्तर लावता येते. दुसरी, गुगलवर दुकानाची नोंद. तीही मोफत असते. ‘दिग्रसमध्ये मंडप डेकोरेशन’ असे कोणी शोधले, तर नकाशावर तुमचे नाव दिसण्याची शक्यता त्यामुळेच निर्माण होते. तिसरी, मालाचे स्वच्छ उजेडात काढलेले आठ-दहा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ.

व्हिडिओत घरी बोलतो तसेच वऱ्हाडी बोला. पुसद-दिग्रसकडे गोरमाटी, झरी जामणी-मारेगावकडे गोंडी किंवा कोलामी बोलणारा मित्र असेल, तर त्याच्याकडून त्या भाषेतही एक व्हिडिओ करून घ्या. हळद दळताना, शिवणयंत्र चालताना, मूर्ती रंगवताना दाखवा. भाव आणि पत्ता लपवू नका.

जिल्हा नव्हे, अंतर निवडा

आपला जिल्हा 16 तालुक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 27 लाख 72 हजार होती. वणी आणि उमरखेड यांच्यामध्ये रस्त्याने दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. उमरखेडच्या दुकानदाराने ‘यवतमाळ जिल्हा’ निवडला, तर त्याचा पैसा वणी आणि पांढरकवड्यातही खर्च होतो. तिथून कोणी त्याच्याकडे येणार नाही.

जाहिरात देताना नकाशावर आपल्या दुकानाची खूण ठेवून भोवतीचा परिसर किलोमीटरमध्ये निवडता येतो. दुकान, शिलाई, दुरुस्ती, रोपवाटिका यांना 20 ते 30 किलोमीटर पुरे. या वर्तुळाला जिल्ह्याची सीमा अडवत नाही, हाही फायदा आहे. उमरखेडचे गिऱ्हाईक नांदेड जिल्ह्यातल्या हदगावचे असू शकते, वणीचे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे, राळेगावचे वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. कुरिअरने जाणारा माल असेल, उदाहरणार्थ हळद, मसाले किंवा पंचशील ध्वज, तरच दूरची शहरे निवडावीत. पण तेव्हा कुरिअरचा खर्च आधी मोजून घ्यावा.

हिशेब वहीत लिहा

समजा, मसाल्याच्या जाहिरातीवर रोज 150 रुपये असे पाच दिवस टाकले. झाले 750. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 135. एकूण खर्च 885 रुपये. 30 जणांनी मेसेज केले, त्यातल्या 8 जणांनी माल घेतला. म्हणजे एक गिऱ्हाईक सुमारे 111 रुपयांना पडले. माल, पॅकिंग आणि पोहोच वजा जाता प्रत्येकामागे 100 रुपये सुटले, तर हाती आले 800. म्हणजे 85 रुपयांचा तोटा.

मग जाहिरात वाया गेली का? लगेच नाही म्हणता येणार. त्या आठांपैकी तिघांनी पुढच्या महिन्यात जाहिरातीशिवाय पुन्हा माल घेतला, तर आणखी 300 रुपये सुटले आणि तोट्याचे 215 रुपये नफ्यात रूपांतर झाले. म्हणून जुने गिऱ्हाईक सांभाळणे हाच खरा धंदा. त्यांचे नंबर जपून ठेवा, त्यांना विचारूनच नवीन मालाची माहिती पाठवा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यालाच तो मेसेज पोहोचतो.

एकाच वेळी दोन वेगळे फोटो किंवा व्हिडिओ थोड्या पैशांत चालवून पाहा. ज्यातून मेसेज जास्त येतात तो ठेवा, दुसरा बंद करा. दोन-तीनदा करूनही हिशेब जुळत नसेल, तर जाहिरात थांबवा आणि माल, भाव, फोटो पुन्हा तपासा.

पैसा गावात कधी येतो?

आपला जिल्हा कापूस आणि सोयाबीनचा. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन विकले जाते, त्यानंतर हिवाळाभर कापूस. या काळात घरात रोख असते. जूनमध्ये तीच रोख बियाणे आणि खतांत जाते. कपडे, भांडी, फर्निचरवाल्याने जूनमध्ये जाहिरातीवर खर्च करण्यात अर्थ नाही. आठवडी बाजारात बसणाऱ्याने बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जाहिरात चालवावी. पांढरे कपडे, ध्वज, मूर्ती, पुस्तके विकणाऱ्यांनी 14 एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. 6 डिसेंबरला मात्र अभिवादनाच्या फोटोवर ‘ऑफर’ छापू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

फसवणुकीपासून सावध

‘पाचशे रुपयांत दहा हजार फॉलोअर्स देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. ते फॉलोअर्स माल घेत नाहीत. ‘तुमचे पेज बंद होणार आहे, या लिंकवर पासवर्ड टाका’ असा मेसेज आला तर टाकू नका. मोठी ऑर्डर देतो असे सांगून कोणी क्यूआर कोड पाठवला आणि पिन टाकायला सांगितला, तर तिथेच थांबा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

आपणही कोणाला फसवू नये. बुद्धांनी सांगितलेली सम्यक आजीविका जाहिरातीलाही लागू आहे. पॅकबंद खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्या. ‘या काढ्याने मधुमेह बरा होतो’ असे लिहिणे हा 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे.

आडनाव लपवायचे का?

हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, विशेषतः खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांच्या. चंद्रभान प्रसाद यांनी 2016 मध्ये ‘दलित फूड्स’ या नावानेच मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायला काढली. हा एक निर्भय मार्ग होता. प्रत्येकाने तोच घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज फेडायचे असलेल्या ताईने दुकानाला गावाचे किंवा मालाचे नाव दिले, तर तो कमीपणा नाही. ओळख सांगायची की नाही, हे तिने ठरवावे. बाजाराच्या भीतीने किंवा आपल्या आग्रहाने नव्हे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

विहारात रविवारी वंदनेनंतर दोन तास काढा. गावातल्या पाच छोट्या व्यावसायिकांना बोलवा. त्यांचे व्हॉट्सॲप बिझनेस सुरू करून द्या, गुगलवर नोंद करा, फोटो काढा. पासवर्ड आणि पेजची मालकी त्यांच्याच हाती राहू द्या. दुकानाच्या पेजवर राजकीय पोस्ट टाकू नका, त्यासाठी आपली वेगळी पेजेस आहेत. महिन्याने पुन्हा बसा आणि वही उघडून विचारा, मेसेज किती आले, माल किती गेला, हाती किती राहिले. या तीन आकड्यांची उत्तरे ताईला स्वतःला देता आली, की पुढची जाहिरात द्यायची की नाही हे ती आपल्याला न विचारता ठरवेल.

जय भीम!