नोकरी संपली, खोकला राहिला

मैत्रिणींनो, डॉक्टरांकडे गेल्यावर आपण काय काय सांगतो? ताप कधीपासून आहे, भूक लागते का, शुगर आहे का, बीपी आहे का. पण ‘आजवर काम काय केलंत, कुठे आणि किती वर्षं?’ हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणींना विचारला गेलाय?

प्रश्न काही नवा नाही. इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. रोग्याला इतर गोष्टींबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारा, असं त्यांनी त्यात बजावलं होतं. तीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी आपल्या केसपेपरवर बहुतेक वेळा नाव, वय आणि पत्ता एवढंच असतं.

मी राहते शाहूपुरीत. इथल्या कुंभार गल्लीत गणपतीच्या आधी महिनोन् महिने मूर्तींचं काम चालतं. पॉलिश पेपर मारताना उडालेली पांढरी धूळ केसांवर, पदरावर बसलेली असते. जरा लांब गेलं की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे माग, हुपरीचं चांदीकाम. आपला जिल्हाच कष्टाचा! हाताला काम आहे, याचा अभिमानही वाटतो. पण कढईचा चटका लगेच कळतो, तशी छातीत गेलेली धूळ कळत नाही. फाउंड्रीतल्या वाळूच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस दिसायला बऱ्याचदा दहा-वीस वर्षं लागतात. तोवर माणसाने काम बदललेलं असतं, नाहीतर तो निवृत्त झालेला असतो. मग त्या दम्याचं नातं त्या धुळीशी जोडणार कोण?

माझ्या मामांचंच बघा ना. एका सूतगिरणीत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कधी विडीला हात लावला नाही, तरी साठीनंतर दम लागायला लागला. ‘वयोमानानं होतं’ म्हणून वर्षानुवर्षं औषधं चालू होती. शेवटी माझ्याकडे राहायला आले, तेव्हा आमच्या गल्लीजवळच्या डॉक्टरांनी विचारलं, “मामा, गिरणीत कुठल्या खात्यात होता?” मामा आठवत बसले. मामींनी मात्र घडाघडा सांगितलं, “थोरलीच्या बारशाला ब्लो रूमला हुते. धाकटा धाव्वीला गेला तवा रिंगला आले. आनि डॉक्टर, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावरनं आले की छाती आवळतीया म्हणायचे. मग दोन दिसांनी बरं वाटायचं.”

डॉक्टरांनी हे सगळं केसपेपरवर लिहून घेतलं आणि फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी केली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. ब्लो रूम आणि कार्डिंग ही गिरणीतली सगळ्यात जास्त धुळीची खाती. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळणं, ही त्याची जुनी खूण.

ही खूण ओळखायला डॉक्टरांनी कामगारांच्या मागे वर्षानुवर्षं घालवली आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुती गिरण्यांतल्या कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. कापसाच्या धुळीचा आजार आणि इतर कारणांनी होणारा जुनाट दमा-खोकला एकमेकांपासून ओळखायचा कसा, हे त्यांना शोधायचं होतं. हा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा अभ्यासात एक फसगत असते. आज गिरणीत जाऊन फक्त हजर कामगार तपासले तर ते धडधाकटच दिसणार! ज्यांना सोसलं नाही, ते कधीच काम सोडून घरी बसलेत. म्हणून सोडून गेलेल्यांनाही शोधावं लागतं. आणि घरी बसून काम करणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. ‘धूळ सोसेना म्हणून सोडलं’ म्हणणारी बाई कुठल्याच हजेरीपटावर नसते.

कारखान्यात पाऊल न टाकताही बाई आजारी पडू शकते. म्युरियल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोघींनी लंडनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या कर्करोगाच्या ७६ रुग्णांची माहिती गोळा केली आणि १९६५ मध्ये मांडली. त्यातल्या नऊ जणांनी स्वतः ते काम कधी केलंच नव्हतं, घरातलं कुणीतरी करत होतं. बहुतेकींची गोष्ट एकच होती, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणं! हे कळलं कसं? त्या दोघींनी घरोघरची माहिती खोदून विचारली म्हणून.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं, की प्रत्येकाची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यात जे उशिरा येईल तोवर जपा. मामांची गिरणी बंद पडली तेव्हा तिथली रजिस्टरं कुठे गेली, कुणास ठाऊक. घरात शोधलं तर पगाराची एक पावती नाही की ईएसआयचं कार्ड नाही. बिसिनोसिस, सिलिकोसिस हे कायद्याच्या यादीतले आजार आहेत. पण भरपाईचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, पुरावा काय?

म्हणून मैत्रिणींनो, या आठवड्यात मुलांची एखादी अर्धी कोरी वही काढा. घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला एक पान द्या. कुठल्या साली कुठे, कुठल्या खात्यात, कशात हात होता (धूळ, धूर, रंग, अ‍ॅसिड), त्रास कधी सुरू झाला, सुट्टीत बरं वाटतं का, एवढं लिहा. पगाराची पावती आणि कार्डाची झेरॉक्स त्यातच ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी वही पुढे करा. कामाचे कपडे घरात झटकू नका, आधी भिजवा आणि वेगळे धुवा. आणि हो, घरी बसून केलेलं आपलं कामही त्या वहीत लिहायचं बरं का. तुमच्याशिवाय ते दुसरं कुणी लिहिणार नाही.