जुने लाकडी सामान : स्वच्छता, तेल आणि थोडे विज्ञान



आपल्या धाराशिव जिल्ह्यात माळवदाच्या जुन्या घरात सागवानी संदूक, घडवंची, पाट असे काही ना काही असतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूर, लोहारा भागातली दगडमातीची घरे कोसळली. अशा घरातून वाचलेली वस्तू म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, ती घराची आठवण असते. काळी-चिकट झाली म्हणून ती भंगारात घालण्याआधी एवढं करून पहा.

लाकूड चिकट का होते?
आपण घरात असेल ते तेल लावतो. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल हवेत वाळत नाही. ते ओलसर राहते, धूळ धरते आणि काळा थर चढतो. ज्या जवसाची आपण चटणी खातो, त्याचे तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेते. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेल घट्ट होते. म्हणजे इथे ‘वाळणे’ हे पाणी वाळण्यासारखे नाही. ही रासायनिक क्रिया आहे.

कृती
१) कोरड्या ब्रशने धूळ काढा. कोरीव भागासाठी जुना टूथब्रश चालतो.
२) सौम्य साबणाच्या पाण्यात फडके घट्ट पिळून पुसा. पाणी ओतायचं नाही. वस्तू सावलीत वाळवा. कडक उन्हात लाकूड तडकते.
३) चिकट थर राहिला तर फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन पुसा. खिडक्या उघड्या ठेवा.
४) खरखरीत जागी बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच हलका फिरवा. जुना रंग असेल तर घासू नका. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ मुलांना घातक असते.
५) जवसाचे तेल अगदी पातळ लावा. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले सगळे पुसून घ्या. हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्या. कच्च्या तेलाला काही दिवस लागतात, घाई नको.

दुकानात मिळणाऱ्या डबल बॉइल तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे असतात. म्हणून ते पोळपाट, काठवटीला लावू नका.

सर्वात महत्त्वाचे
जवसाच्या तेलाचे फडके कधीही बोळा करून टाकू नका. वाळताना उष्णता तयार होते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही फडके पेट घेऊ शकते! ते पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी एकेरी पसरून वाळवा.

वर्गात करता येईल असा उपक्रम
लाकडाचे दोन तुकडे घ्या. एकाला जवसाचे, दुसऱ्याला शेंगदाण्याचे तेल पातळ लावा. पंधरा दिवस मुलांना रोज बोट लावून नोंद करू द्या. ‘ऑक्सिडीकरण’ हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधीच त्यांच्या बोटांना कळलेला असेल.