बाळाचा पाळणा कुठे टांगला आहे?

खते, बियाणे आणि फवारणी यांवर लिहिणाऱ्या माणसाने आज पाळण्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमचे काम गावोगाव फिरण्याचे. शेतकऱ्याच्या घरी गेले की ओसरीवर बसणे होते, चहा होतो आणि बोलता बोलता नजर माजघरात जाते. तिथे आढ्याला झोळी टांगलेली असते, आत तान्हे बाळ झोपलेले असते, आणि वरच्या फळीवर फवारणीचा पंप व औषधाची अर्धी उरलेली बाटली असते. कोपऱ्यात खताची पोती, त्यांच्यावर टाकलेले फवारणीचे कपडे. शेतकऱ्याच्या घरात शेत असे आत आलेले असते. म्हणून बाळाची गादी-दुपटी पाहण्याआधी पाळण्याची जागा पाहिली पाहिजे.

कीटकनाशकाला आपण 'औषध' म्हणतो, हाच मुळी घोटाळा आहे. पिकाला ते औषध असेल, घराला ते विषच. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल असेल तर अतिशय जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा समज पुष्कळांचा आहे. तसे मुळीच नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. ती कामाची, धडधाकट माणसे होती. विष श्वासातून गेले, तसेच कातडीतूनही गेले. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने तिचा पसारा मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीच-तीन पट असतो. मोठ्याला नुसती मळमळ होईल एवढे विष बाळाला भारी पडू शकते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की विषाची बाटली बाळ झोपते त्या खोलीत नको. घराबाहेर, कुलपाच्या पेटीत, मूळ बाटलीतच ठेवा. दुसरी गोष्ट अंथरुणाची. आपल्याकडे रिकामी पिशवी कधी वाया जात नाही. धुऊन, उसवून तिचे तळवट शिवतात, आणि त्यावर दुपटे टाकून बाळाला निजवतात. दाणेदार कीटकनाशकाची किंवा प्रक्रिया केलेल्या बियाण्याची पिशवी कितीही धुतली तरी अंथरुणात घेऊ नका. फोरेटचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंद झाला, पण वाड्याच्या माळ्यावर त्याच्या जुन्या पिशव्या अजून सापडतात. खताची पिशवी तितकी विषारी नसते, तरी ती प्लॅस्टिकची असते. बाळाचे नाक तिच्यात गेले तर हवा मिळत नाही. ओल लागू नये म्हणून काही घालायचेच, तर मेणकापड घ्या आणि ते गादीखाली चारी बाजूंनी घट्ट खोचा.

फवारणीहून आलेल्या बापाला पोर दिसले की उचलून घ्यावेसे वाटते. वाटणारच. पण आधी साबणाने अंघोळ, कपडे बदलणे, मग बाळ. ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर भिजवू नका आणि एका दोरीवर वाळतही घालू नका.

ढेकणांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी घरोघरी दहा टक्के बीएचसीची पावडर असायची. ती शेतात जायची तशी गोधडीतही जायची. बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे, पण सवय गेलेली नाही. हाताला लागेल ती भुकटी बाजेवर मारली जाते, मुंग्यांच्या खडूच्या रेघा पाळण्याभोवती ओढल्या जातात. गोधडी उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात दोन दिवस उलटीपालटी करा, ढेकूण जातात. मुंग्यांसाठी बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे ही आजीबाईंची युक्तीच चांगली. वाट्यांतले पाणी मात्र रोज बदला, नाहीतर डास होतील.

यापेक्षा भयंकर आहेत त्या धान्यात ठेवायच्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. हवेपेक्षा तो किंचित जड असतो, बंद खोलीत साचतो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक माणसानेच वापरायच्या असा नियम आहे, तरीही त्या घरोघर आढळतात. गव्हाच्या कोठीत गोळी आणि त्याच खोलीत बाळाचा पाळणा, हे चित्र कुणाच्याही घरात नसावे. धान्य कडकडीत वाळवून पत्र्याच्या कोठीत भरले तर गोळीची गरज फारशी पडत नाही. घरात कुणी गोळी टाकलीच असेल, तर बाळाने आणि घरातल्या सगळ्यांनीच दुसरीकडे निजावे. उलटी, धाप, लाळ गळणे, मलूल होणे यांतले काही दिसले की घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि विषाची बाटली वा डबा दवाखान्यात सोबत न्या.

विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक. भाव येईपर्यंत कापूस घरात साठवावा लागतो. खोली छतापर्यंत भरते आणि मग माणसे कापसाच्या कडेला निजतात. कापसाच्या ढिगावर बाळाला ठेवणे म्हणजे मऊ बिछाना, असे वाटते. पण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते हे आपण जाणतोच, आणि ढिगात बाळाचे तोंड रुतले तर त्याला ते बाहेर काढता येत नाही.

मऊ नको, घट्ट हवे

कापसावरून गादीचीच गोष्ट निघते. तान्ह्यासाठी मऊ-मऊ अंथरूण करावे अशी आपली माया. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र घट्ट आणि सपाट अंथरूण लागते. तळहाताने दाबून पाहा. हात काढल्यावर खळगा राहिला तर ते फार मऊ. नव्याने पिंजलेल्या कापसाच्या गादीपेक्षा चौपदरी घडी केलेली, दाट टाक्यांची गोधडी सरस. उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नको. डोके एका बाजूला चपटे होऊ नये यासाठी निजवताना रोज दिशा बदला, आणि बाळ जागे असताना आपल्यासमोर थोडा वेळ पालथे घाला.

झोपवायचे मात्र पाठीवरच, रात्री आणि दुपारीही. यावर घराघरांत वाद होतो. एका आजींनी मला ऐकवले, "साहेब, पालथं घातलं की लेकरू कसं गाढ झोपतं. माझी सहा अशीच वाढली."

मी म्हणालो, "आजी, गाढ झोपतं हे खरं आहे. पण श्वास अडला तर जाग यावी इतकी सावध झोप तान्ह्याला लागते."

"आणि उताणं असताना दूध ओकलं तर? नाकातोंडात जाईल की."

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे, की बाळ उताणे असताना श्वासनळी वर आणि अन्ननळी खाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनळीत जायचे तर चढ चढावा लागतो. पालथे असताना हेच उलटे होते. इंग्लंडमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवा असा मोठा प्रचार झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या दहा वर्षांच्या आत निम्म्यावर आली. आजींनी मान डोलावली, पण पटले असे म्हणाल्या नाहीत. सून मात्र ऐकत होती.

पांघरुणाचेही तसेच. वाकळ, घोंगडी ही मोठ्यांची पांघरुणे. ती बाळाच्या तोंडावर सरकतात. थंडी असेल तर कपडे एकावर एक घाला, हलके दुपटे छातीपर्यंतच ठेवून कडेला खोचा. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः वजन कमी असेल तर, टोपडे आणि आईच्या उराशी ऊब लागतेच. त्यात आशाताईंचे ऐका. प्रसूती दवाखान्यात झाली असली तरी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना बाळाची निजायची जागा मुद्दाम दाखवा. पुढे घरात झोपताना कुंचीची गरज नसते. मानेला घाम दिसला तर एक कपडा कमी करा. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपताना काढून ठेवावा.

बाळ आईजवळ असावे, हाताच्या अंतरावर. पण त्याचे अंथरूण वेगळे असावे. दोघांच्या मध्ये नको, आणि दारू प्यायलेल्या माणसाच्या शेजारी तर कधीच नको.

झोळी

झोळीला मी नावे ठेवणार नाही. लुगड्याची झोळी आणि आईचा हात यांनी किती पिढ्या शांत झोपल्या! पण झोळीत बाळ अर्धगोल होते, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनळी दुमडते. हनुवटी आणि छाती यांत दोन बोटे मावतात का, हे दर खेपेला पाहावे. म्हणून झोळी बाळाला शांत करण्यापुरती, आणि कुणीतरी जागे व जवळ असताना. डोळा लागला की उचलून सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवा. उठेल, रडेल, पुन्हा झोपेल.

कापड जाड सुती घ्या. गुळगुळीत साडीची गाठ सरकते. दोन्ही बाजूंना आडवी दांडी घाला, म्हणजे कापड बाळाच्या तोंडावर मिटत नाही. उंची जमिनीपासून हातभर. गाठीला आधी मोठ्या माणसाने लोंबकळून पाहावे. बाळ कुशीवर वळू लागले की झोळी बंद. आणि रिकामी झोळी लोंबती ठेवू नका. थोरली पोरे तिच्यात बसून गिरक्या घेतात, कापडाला पीळ बसतो आणि गळ्याला फास लागतो. असे अपघात वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातच.

लाकडी पाळणा असेल तर दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. चिमणाळ्याची दोरी बाळाच्या हाताला लागू नये. जुन्या पाळण्याच्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. पोपडे सुटलेला पाळणा वापरू नये.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावायची रीत अजून आहे. शेक द्यायचा तर दार उघडे ठेवून द्या, आणि शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर न्या. निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. धुरी, डासांची कांडी, विडी यांचा धूरही बाळाच्या खोलीत नको.

पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते; दात इतके बारीक की चावलेले कळतही नाही. बाळाचे अंथरूण बाजेवर घ्या आणि मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचा. कोकणात आणि इतरत्रही लाल विंचू गोधडीच्या घडीत बसतो, म्हणून अंथरूण झटकूनच घाला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध रूढ केल्यापासून पुष्कळ लेकरे वाचली, पण त्यासाठी दवाखाना वेळेत गाठावा लागतो.

राहिले ते शेत. वेचणीला, खुरपणीला आणि ऊसतोडीला बाळ बरोबर न्यावेच लागते, घरी ठेवायला कुणी नसते. झाडाला झोळी बांधताना फांदी वाळकी नाही ना, मोहोळ नाही ना, हे पाहा. फवारणी चालू असलेल्या किंवा त्याच दिवशी झालेल्या शेताच्या बांधावर ती नको. ट्रॉलीच्या किंवा बैलगाडीच्या सावलीत बाळाला कधीच निजवू नका. सावली दिसते, पण चाक कधी हलेल ते दिसत नाही. उसाच्या पाचटातही नको. बायकांनी पाळी लावावी, एक जण बाळांपाशी राहील आणि तिची मजुरी सगळ्यांनी वाटून द्यावी. बाळाच्या जागेजवळ उंच काठी रोवून तिला लाल फडके बांधा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला ते लांबून दिसते.