सहा वर्षांखालचे मूल आणि आपली चळवळ

कळव्याच्या पूर्वेस पारसिकच्या डोंगरउतारावर भास्करनगर, वाघोबानगर यांसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. तेथील चार वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे काय? 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी सरकार सोय 'करू शकेल', एवढेच त्याचे कलम 11 म्हणते. फी भरू शकणाऱ्याचे मूल मात्र नर्सरीची वर्षे संपवून पहिलीत येते. दोघे एकाच बाकावर बसली, म्हणजे समान झाली, असे मला म्हणवत नाही.

मूळ घटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षे पुरी होईपर्यंतच्या सर्व मुलांचा विचार होता. खालची वयोमर्यादा नव्हती. 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाखालचे मूल मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. ज्यांच्या घरात अक्षरांचा वारसा नाही, त्यांनाच या फटीची किंमत मोजावी लागते.

बिनफीचा मार्ग उरतो तो अंगणवाडीचा. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे. पण आहार, वजने, गृहभेटी, नोंदी हे सारे एकाच सेविकेवर आणि तिच्या मदतनिसावर येते. मग गोष्टी, गाणी, खेळ मागे पडतात. याचा दोष मी सेविकेला देणार नाही. तिच्या श्रमाला वेतन न म्हणता 'मानधन' म्हणणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे. ती ग्रॅच्युइटीला पात्र आहे, हे मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला.

दुसरी अडचण वेळेची. अंगणवाडी काही तासांची, आईची मजुरी दिवसभराची. मधल्या वेळेत धाकट्याला कोण सांभाळणार? बहुधा थोरली बहीण. म्हणजे एका मुलाची अपुरी सोय दुसऱ्या मुलीची शाळा बुडवते.

'अंगणवाडी' ही कल्पना याच मातीतली आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक यांनी 1945 साली काम सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. तेथे अंगण हे शिक्षणाचे स्थान होते. आज तेथे आहाराचे वाटप तेवढे दिसते. आहार हवाच, पण पोट भरले म्हणजे शिक्षण झाले, हे आपण मान्य करू नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीतील सहाखालच्या मुलांची गणती करावी. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, झोपडवस्तीत अशी किमान 40 मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणीपासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. जेथे ती आहे, तेथे शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी जाऊन पाहावे: रोज किती वेळ शिकवले जाते, बसायला जागा किती, खेळणी कपाटात आहेत की मुलांच्या हातात? मंदिरप्रवेशासाठी झगडलेल्या समाजाने आता या लहान दाराकडेही लक्ष दिले पाहिजे.