चेक : पटावरचा शह, बँकेतला कागद

बँकेत भरायचा चेक, चेकचा शर्ट, महामार्गावरचे चेकपोस्ट, दवाखान्यातले चेकअप आणि बेरीज ‘चेक करणे’ हे सगळे चेक मराठीत इंग्रजीतून आले. इंग्रजीत ते एकाच मुळातून फुटले आहेत आणि ते मूळ इंग्लंडमध्ये नाही, इराणात आहे. ते म्हणजे फारसी ‘शाह’, अर्थात राजा.

भारतातला चतुरंग इराणात गेला आणि ‘चतरंग’ झाला. पुढे अरबांनी त्याचे ‘शतरंज’ केले. प्रतिपक्षाचा राजा माऱ्यात आला की ‘शाह!’ असे म्हणून त्याला सावध करण्याची रीत होती. अरबांकडून हा खेळ युरोपात पोहोचला, तेव्हा ती हाकही त्याच्याबरोबर गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चे ‘स्काकस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि इंग्रजीत ‘चेक’. याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून खेळाचे ‘चेस’ हे नाव निघाले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. यातल्या ‘मात’चा संबंध काही जण ‘मेला’ या अर्थाच्या अरबी शब्दाशी लावतात. पण ‘हतबल’ हा फारसी अर्थ अधिक पटतो, कारण बुद्धिबळात राजा मारला जात नाही, कोंडला जातो.

मराठीने हे दोन्ही शब्द थेट फारसीतून घेतले. शह, काटशह, प्यादेमात, मात करणे हे शब्द पटावरून उठून केव्हाच राजकारणात रुळले. त्यामुळे मराठीत ‘शह’ आणि ‘चेक’ ही सख्खी भावंडे एकाच घरात नांदतात. एक जवळच्या वाटेने आले, दुसरे युरोपला वळसा घालून.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावे लागते. त्यावरून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अडवणे, आवर घालणे असा अर्थ चौदाव्या शतकातच रूढ झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस चुकीला किंवा लबाडीला आवर घालण्यासाठी केलेली तपासणी हा अर्थ त्याला जोडला गेला. चेकपोस्ट आणि चेकअप ही त्याचीच पुढची रूपे.

दुसरी शाखा पटाची. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. त्याचेच पुढे ‘चेकर’ आणि ‘चेक’ झाले आणि चौकटींच्या कापडाला ते नाव मिळाले. इंग्लंडच्या खजिन्याचे ‘एक्स्चेकर’ हे नावही त्याच पटाचे. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकात या कचेरीवर लॅटिनमध्ये संवादरूपाने ग्रंथ लिहिला. त्यातल्या वर्णनानुसार तिथे सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेज असे. वरच्या वस्तू पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंचीची कड असे आणि त्यावर रेघांनी आखलेले काळे कापड अंथरलेले असे. पेनी, शिलिंग, पौंड यांसाठी वेगवेगळे रकाने आणि त्यांत सरकवायच्या सोंगट्या. परगण्याचा अधिकारी, म्हणजे शेरीफ, हिशेब द्यायला समोर बसे आणि आकडेमोड त्याच्या डोळ्यांदेखत होई. अक्षरओळख नसलेल्यालाही येणे-बाकी दिसावी, अशी ही सोय होती. खजिनदार आणि शेरीफ यांच्यातला हा सामना बुद्धिबळासारखाच असतो, असेही फिट्झनील सांगतो. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो.

बँकेच्या चेकमध्ये या दोन्ही शाखा एकत्र येतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठीचा मागे राहणारा अर्धा भाग, स्थळप्रत. चिठ्ठी खरी की बनावट, हे त्यावरून पडताळता येई, म्हणून हे नाव. त्याच शतकात ते चिठ्ठीलाच चिकटले. ब्रिटिश स्पेलिंगमधले शेवटचे ‘क्यूयूई’ एक्स्चेकरच्या प्रभावाचे. अमेरिकेने शेवटी ‘सीके’ ठेवले. भारतात १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात ब्रिटिश स्पेलिंगच आहे. प्राग ज्याची राजधानी आहे, त्या चेक देशाचा मात्र या शब्दाशी काही संबंध नाही. ते नाव तिथल्या लोकांचे आहे.

मराठीतला ‘धनादेश’ हा प्रतिशब्द मूळ शब्दापेक्षा अचूक आहे. ‘चेक’ फक्त पडताळणीची खूण सांगतो. ‘धनादेश’ सांगतो की हा पैसे देण्याचा आदेश आहे, आणि कायद्यानेही तो तसाच असतो.