परसातला पेरू : झाड वांझ नव्हते!

घरामागे चार हात जागा असली की आपली माणसे तिथे काही ना काही लावतातच. कढीपत्ता, शेवगा, पपई, नाही तर पेरू. पेरू तर लावावाही लागत नाही. पोरे खातात, बिया थुंकतात आणि एक दिवस मोरीच्या कडेला दोन पाने दिसतात. आमच्याकडेही तसेच झाले. मनमाडच्या आमच्या घरामागे २०१४ च्या पावसाळ्यात असे एक रोप उगवले. आईने त्याला विटांचे आळे केले आणि ते घरचे झाले.

चार वर्षे गेली, सहा गेली. झाड छपराच्या वर गेले. पाने हिरवीगार, सावली गार, पण पेरूचा पत्ता नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी चार-दोन पांढरी फुले यायची आणि गळून जायची. २०२१ च्या दिवाळीनंतर शेजारच्या मावशी भिंतीवरून म्हणाल्या, "वांझ झाड आहे ते. दारात ठेवू नका. तोडून टाका, नाही तर फाटका जोडा तरी बांधा." जोडा बांधणे आम्हाला पटणारे नव्हते, पण तोडणे मात्र पटू लागले होते. जागा अडते, पाचोळा पडतो, त्यापेक्षा तिथे न्हाणीघर होईल, असा आमचा हिशेब.

त्या वेळी आमची थोरली बहीण माहेरी आलेली होती. तो शब्द ऐकून ती उठून आत गेली. सासरी नऊ वर्षे तिने हाच शब्द ऐकला होता. सगळ्या तपासण्या तिच्या झाल्या; दाजींची एकही झाली नाही. रात्री जेवताना ती एवढेच बोलली, "तोडायचं तर तोडा. पण आधी कुणा जाणत्याला दाखवा. न बघता ठपका ठेवू नका."

ताईचे बोलणे आम्हाला लागले. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका काकांना बोलावले. त्यांची सारी नोकरी सरकारी रोपवाटिकेत माळी म्हणून गेलेली. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, मोरीचे पाणी कुठे जाते ते पाहिले आणि हसले. "झाडाला काही झालेलं नाही. फळ धरावं असं तुम्ही त्याला कारणच दिलं नाही," ते म्हणाले. काकांनी जे सांगितले आणि आम्ही जे करून पाहिले, ते वाचक बंधु-भगिनींसाठी येथे देत आहोत.

झाडाची ओळख

पेरू मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशाचा. पोर्तुगिजांच्या काळात तो आपल्या देशात आला आणि इतका रुळला, की तो परका आहे असे कोणी म्हणणार नाही. विदर्भातले आमचे वाचक त्याला जाम किंवा जांब म्हणतात. जांभूळ, लवंग, निलगिरी ही सारी त्याच्याच कुळातली. हलकी जमीन, मुरमाड जमीन, कमी पाऊस, सारे तो सोसतो. एक गोष्ट मात्र सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचून राहिलेले पाणी.

पेरूच्या खोडाची साल पापुद्र्यांसारखी सुटते आणि आतून गुळगुळीत हिरवट-तांबूस खोड दिसते. पुष्कळांना हा रोग वाटतो. तो रोग नाही. झाडाची ती रीतच आहे. कोवळी फांदी बोटांत धरून पाहा. ती गोल नसून चौकोनी लागते. ही चौकोनी फांदी लक्षात ठेवा, कारण पेरूचे सारे गुपित तिथेच आहे. पेरूला फूल येते ते नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. जुन्या, जाड, गोल झालेल्या फांदीवर फळ शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. नवी फूट नाही तर फळ नाही. ज्या घरात झाडाला कधी कात्री लागत नाही, तिथे झाड नुसते उंच जाते आणि फळे कमी होतात.

आमच्या झाडाची दुसरी गोष्ट मोरीची. मनमाड म्हणजे वर्षानुवर्षे पाणीटंचाई सोसलेले गाव. पण अंघोळीचे, भांड्यांचे पाणी बारा महिने त्या आळ्यात जात होते. झाडाला विसावा म्हणून नव्हता. सतत ओल आणि खरकट्याचे खत मिळाले की झाड पाने वाढवते. फळाची त्याला घाई राहत नाही.

बहार आणि ताण

पेरूला वर्षात तीन वेळा बहार येऊ शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तो आंबे बहार. त्याची फळे पावसाळ्यात येतात. जून-जुलैमध्ये फुलतो तो मृग बहार; त्याची फळे नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतो तो हस्त बहार. त्याची फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतात. तिन्ही धरू दिले तर झाड दमते आणि कोणताच बहार धड येत नाही. म्हणून एकच धरावा. पावसाळी फळ पाणचट लागते आणि त्यात अळीही फार. थंडीतले फळ गोड, घट्ट आणि टिकाऊ. पावसाच्या पाण्यावर येणारा मृग बहारच आपल्यासारख्यांच्या सोयीचा.

तो धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. ताण म्हणजे ठरवून पाणी तोडणे. आम्ही २०२२ मध्ये काय केले ते क्रमाने सांगतो.

मार्चमध्ये आलेली फुले आम्ही हातानेच खुडली. एप्रिल लागताच विटा रचून मोरीचे पाणी दुसरीकडे वळवले. हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो, काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. पाने पिवळी पडून गळू लागली तेव्हा आईचा जीव खालीवर झाला. पण काकांनी आधीच सांगून ठेवले होते, की पाने गळणे म्हणजे झाड विश्रांतीला गेल्याची खूण. लहान, दोन-तीन वर्षांच्या झाडाला मात्र असा ताण देऊ नये.

वैशाख पौर्णिमा झाली तशी छाटणीला हात घातला. वाळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या मुळापासून काढल्या. बाकीच्या फांद्यांचे शेंडे वीतभर कापले. सरळ आभाळाकडे गेलेल्या दोन लवचिक फांद्या सुतळीने ओढून खुंट्यांना बांधल्या. वाकवलेल्या फांदीवर बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्यांवर फुले धरतात.

मे अखेरीस आळ्याची माती वरवर हलवली. कुदळ खोल घातली नाही, कारण पेरूची पुष्कळशी मुळे वरच्या थरातच असतात. चार-पाच घमेली कुजलेले शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड मिसळली. मृगाच्या सुमारास पहिले पाणी दिले. पंधरा दिवसांत झाड चौकोनी, तांबूस फुटव्यांनी भरले. जुलैमध्ये फुले आली. आम्ही रोज सकाळी मोजायला जाऊ लागलो.

बी की कलम?

नवे झाड लावायचे असेल तर बी लावू नये. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला चार-पाच वर्षे लागतात आणि फळ आईसारखेच निघेल याचा भरवसा नसतो. कलमाला दोन-तीन वर्षांत फळ येते आणि ते मूळ झाडासारखेच असते.

तरी बियांच्या या लहरीतूनच एक मोठी गोष्ट घडली आहे. १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेत डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा जातीच्या रोपांतून एक चांगले झाड निवडले. तेच लखनौ-४९, म्हणजे बाजारात मिळणारा सरदार पेरू. मोठे फळ, पांढरा गर आणि मऊ बिया यांमुळे तो महाराष्ट्रभर पसरला.

कलम घरीही करता येते. जून ते ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. तिच्यावरची एक इंच रुंदीची साल गोल काढा. त्या जागी ओले शेवाळ किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा बांधून वर प्लास्टिकचा तुकडा घट्ट गुंडाळा. याला गुटी म्हणतात. महिना-दीड महिन्यात आत पांढरी मुळे दिसली की गुटीच्या खालून कापून रोप पिशवीत लावा आणि काही दिवस सावलीत ठेवा.

खड्डा उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खणावा. उन्हाने तापू द्यावा आणि पावसाआधी माती व शेणखताने भरावा. भिंतीपासून सहा-सात फूट दूर लावलेले बरे. ज्यांना जमीन नाही त्यांनी अर्धे कापलेले मोठे पिंप घ्यावे, तळाला भोके पाडावीत आणि कलमी रोप लावावे. छाटणी वेळेवर केली तर झाड बुटके ठेवता येते. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने दोन मीटर बाय एक मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी ५००० झाडे लावण्याची पद्धत याच छाटणीच्या जोरावर बसवली आहे. मग आपले एक झाड गच्चीत का राहणार नाही?

अळी कुठून येते?

पेरू कापला आणि आत अळ्या वळवळल्या की मुले पुन्हा पेरूला हात लावत नाहीत. फळमाशी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या त्यातून निघतात. गळालेली फळे झाडाखाली सडू दिली की पुढची पिढी तिथेच तयार होते. म्हणून पडलेले फळ रोज उचलून खोल पुरावे. फळ लिंबाएवढे झाले की कागदाची पिशवी बांधावी. कृषी सेवा केंद्रात नर माश्यांना ओढणारा सापळाही मिळतो. फांदीवर कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून काढावा आणि त्याची ने-आण करणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा.

ताटातला पेरू

बाजारातली महाग फळे आपल्याला रोज परवडत नाहीत. पण १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच संत्र्यात सुमारे ५०. एका मध्यम पेरूत मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते. पालेभाजी आणि डाळीतले लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते. आपल्या बायाबापड्यांत आणि वाढत्या मुलींत रक्त कमी असण्याची तक्रार घरोघर आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्याव्याच, पण भाकरी-भाजीबरोबर कच्च्या पेरूच्या चार फोडीही असाव्यात. शिजवल्याने हे जीवनसत्त्व कमी होते. साल काढू नये. धुऊन सालीसकट खावा.

त्या वर्षी पहिली फळे

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या झाडाला चौदा पेरू आले. हिरवा रंग फिका होऊन पिवळसर झाक आली तसे ताईने एकेक देठासह खुडले. पहिला पेरू तिने स्वतः नेऊन शेजारच्या मावशींना दिला. मावशींनी तो हातात धरला, वास घेतला आणि म्हणाल्या, "बाई, मी काही मनात ठेवून बोलले नव्हते." ताई म्हणाली, "झाडाला बोललात ते झाडानं ऐकलं नाही, मावशी. माणूस ऐकतं." मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे त्या दोघींत काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही.

ताई आता आमच्याकडेच राहते, शिलाईकाम करते, आणि झाडाचा सारा कारभार तिच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात तिने त्याला चार गुट्या बांधल्या. चारही लागल्या. त्यातले एक रोप मावशींच्या अंगणात आहे. वाचकहो, तुमच्या परसात असे नुसते पानांनी भरलेले झाड असेल तर कुऱ्हाड आणण्याआधी मोरीचे पाणी कुठे जाते ते पाहा, आणि येत्या वैशाखात हातात कात्री घ्या.