आजी-आजोबांची ड्युटी अक्रात

सोमवार, सकाळचे सात. घानाची राजधानी अक्रा. हवा अशी दमट की मुंबईकराला घरीच असल्यासारखं वाटावं. एका इमारतीच्या गच्चीवर पासष्टीचे एक अमेरिकन आजोबा पाण्याच्या टाकीत वाकून बघताहेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, टाय, खिशाला काळी नेमप्लेट. खाली फ्लॅटमध्ये आजी एकोणीस वर्षांच्या एका मुलाला विचारताहेत, 'ताप कधीपासून आहे? मच्छरदाणी लावून झोपतोस ना?' मुलगा जोरात मान डोलावतो. आजी आत जाऊन बघतात, तर मच्छरदाणी नीट घडी घालून कपाटावर ठेवलेली.

हॉस्टेलवर राहणाऱ्यांनो, तुम्हाला हा सीन नवा नाही. पण हे आजी-आजोबा रेक्टर नाहीत की घरमालक नाहीत. ते मिशनरी आहेत. युटामधलं घर बंद करून, नातवंडांचे पापे घेऊन, स्वतःच्या पेन्शनवर दीड वर्षासाठी इथे आलेत. (हे कुणा एका जोडप्याचं वर्णन नाही. तिथल्या अशा जोडप्यांचा आठवडा साधारण जसा जातो, तसा तो जोडून तुमच्यासमोर ठेवलाय.)

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? इतिहासाच्या पुस्तकातली माणसं. 1827 साली अमेरिकेतून एकटी मुंबईला आलेली सिंथिया फरार. पुढे तिनं अहमदनगरात मुलींच्या शाळा चालवल्या, तिच्याकडे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, आणि 1862 मध्ये ती नगरलाच वारली. म्हणजे यायचं ते कायमचं. अक्रातल्या या दोघांचं तसं नाही. त्यांचं परतीचं तिकीट पक्कं आहे. आणि ते रस्त्यावर उभं राहून प्रवचन देत नाहीत, घरोघर जाऊन दारं वाजवणंही त्यांच्यावर बंधनकारक नाही. ते काम पोरांचं.

ही पोरं म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चचे तरुण मिशनरी. लोक या पंथाला 'मॉर्मन' म्हणतात, चर्चला स्वतःला ते नाव आता नको आहे. 1830 साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालेला हा पंथ, मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत. दारू नाही, सिगरेट नाही, आणि ऐका, चहा-कॉफीसुद्धा नाही. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला. मुलांनी अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं मिशनवर जायचं, मुलींनी दीड वर्ष. कुठे पाठवणार, ते चर्च ठरवतं. दोघादोघांची जोडी, सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. 2019 पर्यंत तर घरी फोन वर्षातून मोजून एक-दोनदा. आता आठवड्यातून एकदा करता येतो. घानात फिरणारी ही मुलं सगळी अमेरिकन नसतात बरं का, आफ्रिकेतल्या इतर देशांतली बरीच असतात. आणि अठरा वर्षांच्या मुलालाही 'एल्डर' म्हणायचं! एल्डर म्हणजे वडीलधारा.

या सगळ्या 'वडीलधाऱ्यां'ना राहायला घर लागतं. आपल्या आजोबांची खरी ड्युटी ती. अक्रात भाड्यानं घर घेणं म्हणजे पुण्यात घेण्यापेक्षा वाईट. कायदा सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्याची परवानगी देतो, पण घरमालक सर्रास वर्षाचं, दोन वर्षांचं भाडं एकरकमी मागतात. मग बोलणी, घासाघीस, पावत्या. विजेचा मीटर प्रीपेड, त्यात पैसे भरले का ते बघायचं. नळाला पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून टाकी हवी. वीज जाण्याला तिथे 'डुमसोर' असा खास शब्द आहे. ट्वी भाषेत त्याचा अर्थ बंद-चालू. आपल्या लोडशेडिंगच्या मानानं किती प्रामाणिक शब्द! सोमवारी तरुण मिशनरींचा कपडे धुण्याचा, बाजारहाटाचा दिवस असतो, म्हणून ते फ्लॅटवर सापडतात. आजोबा त्यांना त्याच दिवशी गाठतात. किचनचा ओटा कुणी पुसला नाही, याची नोंद होते. गॅस सिलिंडर, खिडकीची जाळी, पाण्याचा फिल्टर. संध्याकाळपर्यंत असे पाच-सहा फ्लॅट.

मंगळवार आणि बुधवार ऑफिसात. आजी हिशेब आणि औषधपाणी बघतात. मलेरियाच्या गोळ्या कुणी चुकवल्या, कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाचं पोट बिघडलंय आणि कुणाला नुसतीच घरची आठवण येतेय. या शेवटच्या दोन दुखण्यांची लक्षणं बऱ्याचदा सारखीच असतात, हे अनुभवी बाईला कळतं. त्यावर गोळी नसते. रात्रीच्या जेवणाला बोलवायचं आणि ताटात वाढत राहायचं. तुमच्या-माझ्या आज्यांनी शोधलेलं औषध, दुसरं काय!

घानात एक गंमत आहे. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. कोफी अन्नान आणि क्वामे एन्क्रुमा ही नावं तुम्ही जीकेच्या पुस्तकात पाठ केली असतील, आता वार पण लक्षात राहील. आजी-आजोबा आले की लोक आधी त्यांचा जन्मवार विचारतात आणि नवं नाव देतात. त्याहून छान म्हणजे, आजी असो की आजोबा, अकान भाषेत दोघांनाही 'नाना' म्हणतात. गावच्या राजालाही नानाच. पांढरे केस हे तिथे वजन असलेलं ओळखपत्र आहे. जी गोष्ट वीस वर्षांचा मिशनरी तासभर समजावूनही घरमालक ऐकत नाही, ती हे नाना खुर्चीत बसून पाच मिनिटांत उरकतात.

आता जरा अवघड प्रश्न. तुमच्या मनात तो आलाच असेल. बाहेरून कुणीतरी येतं, मदत करतं आणि सोबत स्वतःचा धर्मही आणतं. हे सगळं इतकं निरागस असतं का?

नसतं. आणि या चर्चचा आफ्रिकेतला इतिहास तर सरळ नाहीच. 1978 च्या जूनपर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चमध्ये पौरोहित्याचा अधिकारच नव्हता. तरीही घानात केप कोस्टच्या बाजूला जोसेफ विल्यम 'बिली' जॉन्सन नावाच्या माणसानं 1964 मध्ये या पंथाचं पुस्तक वाचलं आणि आपल्या आपणच मंडळ्या सुरू केल्या. सॉल्ट लेक सिटीला पत्रं लिहिली. मिशनरी पाठवा म्हणाले. कुणी आलं नाही. चौदा वर्षं! नियम बदलला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिले मिशनरी पश्चिम आफ्रिकेत उतरले, आधी नायजेरियात, मग डिसेंबरात घानात. ते कोण होते माहितीये? तगडी तरुण पोरं नव्हेत. दोन वयस्क जोडपी. रेंडेल आणि रेचेल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. म्हणजे तिथल्या लोकांना दिसलेला या चर्चचा पहिला अधिकृत चेहरा आजी-आजोबांचा होता. पण त्यांच्या आधी चौदा वर्षं ते घर ज्यांनी उभं केलं, ते तिथलेच होते. 'गोऱ्यांनी येऊन सगळं दिलं' ही गोष्ट निदान इथे तरी खोटी आहे.

पुढे जून 1989 मध्ये घानाच्या सरकारनं चर्चवर बंदी घातली, परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढलं, इमारतींना कुलपं लागली. अठरा महिने लोकांनी घरातल्या घरात प्रार्थना केल्या. बंदी नोव्हेंबर 1990 मध्ये उठली. पाहुणे गेले तरी काम थांबलं नाही, हे अक्रातल्या प्रत्येक नव्या आजोबांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न पैशांचा. हे जोडपं भाडं, जेवण स्वतः भरतं. 2011 मध्ये चर्चनं नियम सैल केले. सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने असा पर्याय दिला, घरभाड्याचा भार महिन्याला 1,400 डॉलरच्या वर जाणार नाही अशी मर्यादा घातली, आणि घरी काही फारच महत्त्वाचं घडलं तर स्वखर्चानं आठवडा-दहा दिवस जाऊन यायची मुभा दिली. ठीक. पण हे चर्च गरीब नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं, म्हणजे तिथल्या 'सेबी'नं, फेब्रुवारी 2023 मध्ये चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून 50 लाख डॉलरचा दंड ठोठावला. शेअर्सची मालकी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाआड ठेवली, हे कारण. 2018 पर्यंत ती गुंतवणूक 32 अब्ज डॉलरच्या घरात होती. मग रिटायर्ड शिक्षकानं आपल्या पेन्शनमधून भाडं का भरायचं? जाणाऱ्यांना तो त्याग वाटतो. मला विचाराल तर संस्थेनं या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. पण त्यामुळे आजोबांनी दुरुस्त केलेला नळ खोटा ठरत नाही, हेही खरं.

गुरुवारी आजी दमलेल्या असतात, तरी संध्याकाळी एक वर्ग असतो. चर्चच्या विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करणारी मुलं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात. कुणी दिवसभर दुकानात काम करून आलेलं, कुणी ट्रोट्रोमध्ये दीड तास उभं राहून आलेलं. ट्रोट्रो म्हणजे तिथली वडाप. आजी इंग्रजी निबंध तपासतात. मध्येच डुमसोर होतो. मोबाइलच्या टॉर्चवर वर्ग पुढे चालू.

त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दुसरं जोडपं राहतं, त्याचं काम एकदम वेगळं. त्यातल्या आजी निवृत्त नर्स. त्यांचा आठवडा जातो दवाखान्यांत, सुईणींच्या प्रशिक्षणात. जन्मल्यावर बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर पहिलं एक मिनिट सोन्याचं. त्या मिनिटात पुसायचं, पाठ चोळायची, गरज पडली तर छोट्या पिशवीनं हवा द्यायची. हे सगळं पाणी भरलेल्या रबरी बाहुलीवर शिकवतात. पाणी भरलं की बाहुलीला खऱ्या बाळाइतकं वजन येतं. इथे पुन्हा पुन्हा तोच सराव चालतो, भाषण नाही. ज्या सुईणी शिकल्या त्यांनी पुढच्यांना शिकवायचं आणि बाहुली तिथेच राहायची. या आठवड्यातला सगळ्यांत मोलाचा भाग कुठला विचारलंत, तर मी या बाहुलीकडे बोट दाखवीन.

शनिवारी अक्रात अंत्यविधी. म्हणजे अंत्यविधी घानात सहसा शनिवारीच, आणि मोठे. लाल-काळे कपडे, मंडप, स्पीकर, गेलेल्याच्या फोटोची पोस्टर्स रस्त्यावर. गा समाजात तर मासेमाऱ्याची शवपेटी माशाच्या आकाराची असू शकते, ड्रायव्हरची गाडीच्या आकाराची. नानांना बोलावणं असतं, जावंच लागतं. अमेरिकेत ज्यांनी शांत, तासाभरात आटपणारे अंत्यविधी पाहिलेत, त्यांना शेकडो लोक एकाच्या जाण्यासाठी अख्खा दिवस देतात हे पाहून काय वाटत असेल? त्यात यांच्या वयाला घरून केव्हाही फोन येऊ शकतो. सख्खा भाऊ, जुना शेजारी. जाऊन यायची मुभा आहे, पण प्रत्येक वेळी ते परवडत नाही. नातवाचं बारसं, पुतणीचं लग्न स्क्रीनवरच. पन्नास डॉलरच्या देणगीत हे धरलं जात नाही.

रविवारी दोन तास चर्च, महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास. दोन जेवणं सोडायची आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. रात्री नऊला व्हिडिओ कॉल, कारण युटा सहा-सात तास मागे, तिथे दुपार असते. नातवंडं दात पडलेला दाखवतात, तोवर नेट जातं.

आपल्याकडचे आजी-आजोबाही परदेशी जातातच की. सहा महिने न्यू जर्सीला, नात सांभाळायला. तेही कामच, तेही फुकट, आणि त्याला कुणी मिशन म्हणत नाही. आणि तुमचं? एनएसएसचे दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. त्यातले किती तास खरोखर खड्डे खणण्यात गेले आणि किती सह्या गोळा करण्यात, ते तुम्हीच सांगा. मी काही सरांना सांगायला जाणार नाही.

दीड वर्ष संपतं तेव्हा आजोबा एक वही तयार करतात. कुठल्या फ्लॅटचा मालक कधी पैसे मागतो, कुठला प्लंबर वेळेवर येतो, कुठल्या टाकीचा कॉक डावीकडे फिरवावा लागतो. पुढचं जोडपं येईलच याची खात्री नसते, कधीकधी महिनोन्महिने जागा रिकामी राहते. तेव्हा ती वही ऑफिसातल्या घानाच्या अकाउंटंटकडे जाते. निम्म्या गोष्टी मुळात आजोबांना त्यानंच सांगितलेल्या असतात.